आलिकान्तेला जाताय? 24 जूनच्या रात्रीपर्यंत थांबा

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर जाणारे बरेच लोक आलिकान्तेच्या विमानतळावर उतरतात आणि तसेच पुढे बेनिदोर्म हे किनाऱ्यावरचं शहर गाठतात. जूनच्या शेवटच्या पंधरवड्यात जाणार असाल तर असं करू नका. मुक्काम आलिकान्तेतच ठेवा आणि बाकीचे किनारे तिथून जाऊन-येऊन करा. कारण 20 ते 24 जून हे ‘ओगेरास दे सान हुआन’चे, म्हणजे संत योहानाच्या होळ्यांचे दिवस. आम्ही दोघं आणि आई असे गेलो होतो. भूमध्य समुद्राचा उन्हाळा बघायला याहून चांगला आठवडा मला सुचत नाही.

सगळ्यात आधी तारखेचं बोलते. स्पेनमध्ये इतरत्र सान हुआनची मोठी रात्र म्हणजे 23 जून. त्या रात्री आलिकान्तेचे लोकही किनाऱ्यावर जमतात, पाण्यात पाय बुडवतात. पण शहरातल्या मोठ्या होळ्या जळतात त्या 24च्या मध्यरात्री. 24च्या सकाळी बॅगा ओढत स्टेशनकडे निघालेले पर्यटक आम्ही पाहिले. त्यांनी पूर्ण सण पाहिला, फक्त तो ज्यासाठी असतो ती रात्र सोडली. परतीचं तिकीट 25 किंवा 26चं काढा.

हा सण आजच्या स्वरूपात 1928 साली होसे मारिया पी यांच्या पुढाकारानं सुरू झाला. आपल्याकडच्या गणेशोत्सवाची व्यवस्था माहीत असलेल्या माणसाला तो समजायला वेळ लागत नाही. प्रत्येक पेठेची समिती असते, ती वर्षभर वर्गणी गोळा करते, कारागिराकडून जाळायचा देखावा, म्हणजेच होळी, करून घेते आणि बक्षिसासाठी शेजारच्या पेठेशी चढाओढ करते. शहरात असे 80हून अधिक देखावे उभे राहतात, काही चार-पाच मजली इमारतीएवढे, आणि बहुतेकांच्या बाजूला मुलांसाठीची छोटी होळी. पुढाऱ्यांवर टीका, घरभाडं, पर्यटकांची गर्दी असे विषय त्यात असतात. जवळ जाऊन पाहा: पुतळ्याच्या बोटांची नखंसुद्धा रंगवलेली असतात. लोकांच्या मतांनी निवडलेली एखादी आकृती जाळण्यातून वाचते आणि शहरातल्या होळ्यांच्या संग्रहालयात जाते. तिथे आधी एक चक्कर मारा, म्हणजे रस्त्यावरचं काम किती बारीक आहे ते डोळ्यांना दिसायला लागतं.

दिवस कसा लावायचा, ते आम्हाला जमलं ते असं. सकाळी नऊच्या आत समुद्रावर. साडेबाराला पाण्याबाहेर. दोन वाजता लुसेरोस चौकात ‘मास्क्लेता’. ही दिवसाउजेडी केलेली आतषबाजी, पण बघायची नाही, ऐकायची. दारूच्या माळांचा ताल हळूहळू चढत जातो आणि शेवटच्या मिनिटात आवाज कानांऐवजी छातीत जाणवतो. तोंड किंचित उघडं ठेवायचं, असं तिथलीच माणसं सांगतात. त्यामुळे कानांवरचा ताण कमी होतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर चौकात शिरू नका, दोन गल्ल्या अलीकडे सावलीत थांबा. आई तिथेच उभी राहिली आणि तिला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही. नंतर जेवण आणि सक्तीची झोप. जूनअखेरीस सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, शहर त्यानंतर जागं होतं. दुपारी झोपला नाहीत तर रात्र झेपणार नाही. 21 आणि 22 जूनला संध्याकाळी पुष्पार्पण असतं, पारंपरिक पोशाखातल्या बायका आणि लहान मुली फुलं घेऊन सान निकोलास चर्चकडे चालत जातात. तेही पाहा.

आता 24ची रात्र. बाराच्या ठोक्याला बेनाकान्तिल डोंगरावरच्या सान्ता बार्बरा किल्ल्यातून पांढऱ्या आतषबाजीचं एक झाड आकाशात उघडतं, ताडाच्या झावळ्यांसारखं. ते अख्ख्या शहरातून दिसतं, त्यासाठी किल्ल्यावर चढायची गरज नाही. मग आधी नगरपालिकेसमोरची होळी पेटते. तिथे प्रचंड गर्दी असते. माझं मत विचाराल तर ती लांबून पाहा आणि एखाद्या लहान चौकातल्या होळीकडे चालत जा. अग्निशमन दलाच्या गाड्या एकेक करून फिरतात, त्यामुळे काही होळ्या दोन-तीन वाजताही पेटतात. आम्ही गेलो त्या चौकात आजूबाजूच्या घरांचे शटर खाली ओढलेले होते, जवानांनी आधी भिंती आणि झाडं भिजवून घेतली. फटाक्यांची माळ जमिनीवरून सरपटत देखाव्याच्या पायथ्याशी गेली आणि मिनिटभरात ज्वाळा वरच्या मजल्याच्या बाल्कनीच्या उंचीवर होत्या. त्या पेठेची मानकरी मुलगी, जरीच्या पोशाखात, घळाघळा रडत होती आणि मैत्रिणी तिला धरून उभ्या होत्या. वर्षाचं काम जळतंय हे तिच्याकडे बघून कळत होतं. मग लोक ‘आग्वा, आग्वा’ म्हणून ओरडायला लागतात आणि जवान पाण्याचा फवारा गर्दीवर सोडतात. चिंब होण्याची तयारी ठेवा. सुती कपडे, बंद बूट, फोन प्लास्टिकच्या पाकिटात. हल्लीच्या देखाव्यांत थर्माकोल बराच असतो, धूर काळा येतो, म्हणून दम्याचा त्रास असलेल्यांनी वारा कुठून आहे ते पाहून उभं राहावं.

किनाऱ्यांपैकी पोस्तिगेत शहरातच, किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. गर्दीचा, पण सोयीचा. तिथूनच किल्ल्यावर जायची लिफ्ट आहे, संध्याकाळी वर गेलात तर शहर आणि समुद्र एकदम दिसतात. पोहायला मात्र सान हुआनचा लांब, रुंद वाळूचा किनारा उत्तम, ट्राम थेट नेते. हिरवा झेंडा असेल तर पोहा, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात जायचंच नाही. जेलीफिशसाठी वेगळा झेंडा लावतात, तो दिसला तर जीवरक्षकाला विचारा. काठावर तपकिरी पट्ट्यांचा ढीग दिसला तर तो कचरा समजू नका. ते पोसिदोनिया नावाचं सागरी गवत आहे. त्याची ही जात फक्त भूमध्य समुद्रातच वाढते, आणि तिथलं पाणी इतकं नितळ दिसतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

एक दिवस ताबार्का बेटासाठी राखा. आलिकान्ते बंदरातून बोटीला तासभर लागतो, सान्ता पोलाहून त्याहून बराच कमी. 1986 साली स्पेनमधलं पहिलं सागरी राखीव क्षेत्र इथे झालं. वाळूचा किनारा छोटा आहे, खरी मजा खडकाळ खाचांत, म्हणून पाण्यात घालायचे बूट आणि पोहण्याचा चष्मा न्या. बेटावर सावली फार थोडी. पहिल्या बोटीनं जा.

खाण्यात सणाचा मान ‘कोका’ला. कांदा आणि टुना मासा भरलेली जाड रोटी, बरोबर ताजे काळे अंजीर. शाकाहारी असाल तर ‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, एवढं म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि टुना त्यांच्या लेखी वेगळ्याच गोष्टी. साध्या सॅलडमध्येही टुना येतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून’ (मांस, मासे, हॅम, टुना यांशिवाय) असं चारही सांगा. भाज्यांच्या पाएल्यात, म्हणजे तिथल्या भातातही, माशाचं किंवा कोंबडीचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. बटाट्याची तोर्तिया (अंड्याचं जाड ऑम्लेट), टोमॅटो चोळलेला पाव आणि गास्पाचो हे टोमॅटोचं थंड सूप यांवर आईचं छान भागलं. ओर्चाता हे थंड पेय चुफा नावाच्या कंदापासून करतात, त्यात दूध नसतं. 24 तारखेला सुट्टी असते, तेव्हा पाणी आणि फळं आदल्या दिवशी भरून ठेवा.

राहायला मध्यवर्ती भाग घेतलात तर झोप विसरा, बँड आणि फटाके पहाटेपर्यंत चालतात. सान हुआन किनाऱ्याजवळ ट्रामच्या थांब्यालगत घर घ्या. सणात ट्राम रात्री उशिरापर्यंत असते, वेळापत्रक आधी बघा. विमानतळावरून सी-6 बस शहरात येते. माद्रिदहून जलद रेल्वेनं सुमारे अडीच तास लागतात, तिकिटावर चामार्तिन लिहिलंय की आतोचा ते नीट वाचा. दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून लांब आहेत. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तारखा भराभर संपतात, मार्चमध्येच हालचाल करा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

जून जमत नसेल तर याच किनाऱ्यावर आणखी दोन तारखा आहेत. ट्रामच्या वाटेवरच्या विल्लाहोयोसा गावात 24 ते 31 जुलैला मूर (उत्तर आफ्रिकेकडचे मुस्लिम) आणि ख्रिस्ती सैन्यांचा उत्सव असतो. 28च्या पहाटे होड्यांतून आलेले ‘मूर’ किनाऱ्यावर उतरतात, 1538च्या चाच्यांच्या हल्ल्याची ती आठवण. आणि आलिकान्तेहून रेल्वेनं अर्ध्या तासावरच्या एल्चे शहरात 14 आणि 15 ऑगस्टला बॅसिलिकामध्ये मध्ययुगीन संगीत नाट्य होतं, आधी 13च्या रात्री आतषबाजी. एल्चेच्या खजुराच्या बागा 2000 साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्या सकाळी उन्हाच्या आधी फिरून घ्या.