लकव्यानंतर पायाचा ताळमेळ आणि चालणं मोजताना: माझा अनुभव

पक्षाघाताच्या रुग्णाची पहिली मोजणी मी खुर्चीत बसवूनच करते. चालण्याची चाचणी आधी घेतली की पाय थकतो आणि ताळमेळाचा आकडा उगाच कमी येतो.

ताळमेळासाठी ‘लेमोकॉट’ ही बसून करायची, पायाच्या हालचालींचा ताळमेळ मोजणारी चाचणी पुरते. न सरकणारी खुर्ची, स्टॉपवॉच आणि ६ सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं, झालं साहित्य. वर्तुळं एकासमोर एक, ३० सेंटिमीटर अंतरावर जमिनीला चिकटवायची. गुडघा ९० अंशांत, टाच टेकलेली, जवळचं वर्तुळ अंगठ्याखाली. २० सेकंद अंगठ्याने आळीपाळीने दोन्ही वर्तुळांना स्पर्श करायचा, जमेल तितक्या वेगाने, पण नेम न सोडता. त्याआधी ५ ते १० सेकंद सराव. सुरुवात चांगल्या पायाने, म्हणजे रुग्णाला चाचणी समजते आणि तुलनेला आकडाही मिळतो.

वर्तुळाबाहेर पडलेला स्पर्श धरायचा नाही. आकडे फुगतात ते इथेच, कारण स्पर्शांऐवजी पायाचे हेलपाटे मोजले जातात. दुसरी गडबड धडाची. पाय पुढे जाईना की रुग्ण मागे रेलतो आणि कंबरेतून पाय ढकलतो. आकडा बरा दिसतो, पण तो एकट्या पायाचा नसतो. अशा नोंदीशेजारी मी ‘धड वापरलं’ असं लिहिते.

चालण्याच्या १० मीटर चाचणीला सरळ १४ मीटर जागा लागते. ०, २, १२ आणि १४ मीटरवर चिकटपट्टी लावायची. पुढच्या पायाची बोटं २ची पट्टी ओलांडताना घड्याळ सुरू, १२ची ओलांडताना बंद. ‘चला’ म्हणताच घड्याळ दाबलं तर वेग पकडायचा वेळही त्यात मिसळतो. बाराव्या मीटरलाच ‘संपलं’ असं वाटलं की पावलं आधीच मंदावतात, म्हणून खुर्ची १४च्याही पुढे ठेवून सांगते, “काका, त्या खुर्चीपर्यंत, रोज चालता तसंच चाला.” मी लकव्याच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे असते. बरोबरीने चाललं तर रुग्ण माझीच चाल धरतो. नातेवाइकांचं “भराभर चाला!” थांबवावं लागतं. साडी घोट्याच्या वर खोचून घ्यावी, नाहीतर बोटं दिसतच नाहीत.

१० भागिले सेकंद, म्हणजे वेग. २५ सेकंद लागले तर सेकंदाला ०.४ मीटर, साडेबारा लागले तर ०.८. ढोबळ वर्गवारीत ०.४च्या खाली घरापुरतं चालणं, ०.८च्या वर बाहेरचं. (आपल्या फुटपाथांना ०.८ पुरतो का, हा वेगळाच विषय.) लकव्यानंतरच्या पहिल्या ६० दिवसांत वेगात ०.१६ची वाढ रुग्णाच्या दृष्टीने खरी सुधारणा धरली जाते.

दोन्ही आकडे एकत्र वाढतीलच असं नाही. स्पर्श वाढले आणि वेग तिथेच राहिला, तर मी तोल, नितंबाच्या स्नायूंची ताकद आणि पडण्याची भीती तपासते. काठी, चप्पल आणि घोट्याचा पट्टा दर वेळी तेच हवेत. मधेच वॉकर सोडून काठी आली, तर त्या दिवशी दोन्हींसह वेगवेगळी वेळ घ्यावी, मधे पुरेशी विश्रांती देऊन.