ऐरोलीची रोहित फेरी: तिकिटाआधी तिथी बघा

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला निघणारे बहुतेक जण आधी रविवार ठरवतात आणि मग बोटीची वेळ शोधतात. हा क्रम उलटा हवा. इथे सगळं भरती-ओहोटीवर चालतं.

बोट ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राजवळून, तिवरांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून सुटते. ओहोटीला तिथे नुसता चिखल उरतो, म्हणून फेऱ्या भरतीच्या आगेमागेच असतात आणि रोज वेळ बदलते. पण पक्षी चरतात ते उघड्या चिखलावर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं, चिखलाचे पट्टे बुडतात आणि थवे उठून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांकडे जातात. ऐन उधाणाच्या माथ्यावर तिकीट काढलं तर बोट छान चालेल, पक्षी मात्र तुरळक दिसतील. उलट भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत पाणी कमी चढतं आणि बोट पुरेशी आत नेता येत नाही.

मधले दिवस निवडा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणून चारने भागलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते. एकादशीला अकरा त्रिक तेहेतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय ऐरोली खाडीत आत असल्यामुळे तिथे भरती थोडी मागून येते. तारीख हिशोबाने निवडा, नेमकी वेळ छापील भरती-कोष्टकातून घ्या. दशमी ते द्वादशीची सकाळ, मग पक्ष शुद्ध असो की वद्य, बहुधा चांगली जमते. भरती माथ्यावर पोचण्याआधीची किंवा उतरायला लागल्यानंतरची फेरी मिळाली तर उत्तम. सकाळी पश्चिमेकडे, भांडुपच्या बाजूला बघताना ऊनही पाठीशी असतं. संध्याकाळी फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात.

हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर ते मे. मोठे थवे हवे असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल. सुट्टीच्या दिवसांचं ऑनलाइन आरक्षण लवकर संपतं.

दोन्ही जाती इथे आहेत. छोटा रोहित जास्त गुलाबी, चोच गडद लालसर. तो मुख्यतः नीलहरित शेवाळ गाळून खातो. मोठा रोहित उंच, पांढुरका, चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं. त्याला कोळंबीसारखे बारीक जीव लागतात. थव्यातले मळकट करडे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो. सगळं लक्ष रोहितांवर खर्चू नका. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या (अ‍ॅव्होसेट) आणि मालगुजाचे (गॉडविट) थवे चिखलाच्या कडेलाच असतात. काठाच्या चिखलात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसतील. तिवराच्या पानाची खालची बाजू बोटाने पुसून चाखा, मीठ लागेल.

आठ पट मोठं दाखवणारी ८×४२ ची दुर्बीण पुरते. हलत्या बोटीत त्याहून जास्त पट मोठं दाखवणारी दुर्बीण स्थिर राहत नाही. टोपी आणि पाणी घ्या, लाइफ जॅकेट घालावंच लागतं. बोटीवर शौचालय नसतं, तेव्हा केंद्रातच उरकून घ्या. खाडीचा वास येणारच. नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. थवा उडाला की दृश्य मिळतं, पण पक्ष्यांचं चरणं मोडतं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने ऐरोली स्टेशन, पुढे रिक्षा. मुलुंडहून येणाऱ्यांनी खाडीपूल ओलांडावा.

या खाडीला अभयारण्याचा दर्जा २०१५ साली मिळाला. १९८७ च्या मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यातला निम्म्याहून अधिक भाग तिवरांचा. भांडुप-मुलुंडकडची मिठागरं आणि काठचे कोळीवाडे मात्र याहून कितीतरी जुने. 

वेळ उरला तर केंद्रातली दालनं आणि तिवरांमधली पायवाट बघा. डास भरपूर असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.