बॅग काकांची, खांदा माझा

मी टूर मॅनेजर आहे. पासपोर्ट मोजायचे, हॉटेलच्या ब्रेकफास्टला दही मिळेल का ते विचारायचं, कोणाची बीपीची गोळी राहिली तर फार्मसी शोधायची, असली कामं. गोल्फ आयुष्यात कधी खेळलो नाही, देवगडकडचा माणूस मी, आमच्याकडे मोकळी जागा दिसली की क्रिकेट नाहीतर कलमं. तरी गेल्या जूनमध्ये पुण्याचे आठ गोल्फवाले घेऊन स्कॉटलंडला गेलो आणि एक अख्खा दिवस कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, म्हणून घालवला.

झालं असं की नॉर्थ बेरिकला (स्पेलिंगमधल्या डब्ल्यूचा उच्चार करू नका, लोक हसतात) वेस्ट लिंक्स या गोल्फ कोर्सवर आमचं बुकिंग होतं, एडिंबरापासून ट्रेनने अर्धा तास. आठ कॅडी सांगितले होते, आले सात. मेल उघडून बघितला तर खाली बारीक अक्षरात "उपलब्ध असल्यास" लिहिलेलं, म्हणजे चूक माझीच, मी शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. राहिले नेमके आमच्या ग्रुपमधले सगळ्यात मोठे काका, वय ७२, मागच्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालेलं. ट्रॉली घेऊया म्हटलं तर म्हणाले, "ट्रॉली ढकलायला इथपर्यंत आलो का रे? तू घे बॅग." घेतली, काय करणार.

दुसऱ्या काकांचा कॅडी तिथलाच, साठीच्या पुढचा, चेहरा वाऱ्याने रापलेला, अगदी आमच्या बंदरावरच्या तांडेलासारखा. त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं आणि कॅडीचं सगळं शास्त्र एका दमात सांगितलं: वेळेवर ये, मागे पडू नको, तोंड बंद ठेव. पहिल्या दोन गोष्टी जमल्या.

आता कोर्सबद्दल. टीव्हीवर गोल्फ बघितलंय त्यांच्या डोळ्यासमोर बाग असते, तळी, झाडं, कार्पेटसारखं गवत. इथे त्यातलं काही नाही. समुद्र आणि शेतीची जमीन यांच्या मधला वाळूचा पट्टा, त्याला लिंक्स म्हणतात, नांगर चालत नाही म्हणून पूर्वी मेंढ्या चरायच्या, आपल्याकडच्या गायरानासारखं. मेंढ्या आणि ससे गवत कुरतडून बारीक ठेवायचे, त्यावर लोक खेळायचे. इथला गोल्फ क्लब १८३२ चा, सुरुवातीला म्हणे सहाच होल (खेळाचा एकेक टप्पा, शेवटी चेंडू घालायचं भोक) होते, १८७७ मध्ये अठरा झाले. टेकाडांवर जे ताठ गवत आहे ना त्याने वाळू धरून ठेवलीय, आमच्याकडे ते काम मर्यादावेल करते. दुसऱ्या होलला पुळणच कोर्समध्ये धरलीय, चेंडू पुळणीवर गेला तरी तिथनं मारायचा, शेजारी एक बाई कुत्रा फिरवतेय, पोरं किल्ले करतायत आणि काका वाळूत उभे राहून अदबीने "सॉरी, सॉरी" म्हणतायत.

वारा पश्चिमेचा होता. जाताना तोंडावर, येताना पाठीवर. पहिले नऊ होल म्हणजे नुसती शिक्षा. पुण्यात १५० यार्डाला काका जो क्लब, म्हणजे मारायची काठी, काढतात त्याने चेंडू वर जायचा, हवेत थांबल्यासारखा व्हायचा आणि शंभरावर पडायचा. मग काका माझ्याकडे बघणार, जसा काय वारा मीच बुक केलाय. चौथ्या का पाचव्या होलला म्हातारा कॅडी न राहवून म्हणाला, चेंडू वर नेऊच नका, खालून पळवा. त्याचं स्कॉटिश इंग्रजी काकांना एक अक्षर कळेना, कंपनी चालवलेला माणूस, इंग्रजी उत्तम, पण हे वेगळंच. मला निम्मं कळत होतं, उरलेलं अंदाजाने जुळवून सांगितलं, "काका, गोट्या खेळायचात ना, तशी घरंगळवा." काकांनी ग्रीनच्या (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) तीस यार्ड अलीकडून चक्क पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब, काढला. चेंडू खळग्यात उतरला, पलीकडे चढला, हळूहळू करत होलपासून हातभर अंतरावर थांबला. काका काही बोलले नाहीत, पण चाल बदलली.

तेराव्या होलचं नाव पिट. फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या पट्ट्याच्या, डावीकडे दगडी गडगा आणि गडग्याच्या पलीकडे खोलगटात ग्रीन, त्यामागे टेकाड, मग समुद्र. म्हणजे कंपाउंडबाहेरून आत टाकायचा चेंडू. मी आधी हसलोच, आमच्या आगराभोवती असतो अगदी तसाच गडगा, मातीने लिंपलेला वगैरे नाही, दगडावर दगड. काकांचा चेंडू बरोब्बर त्याच्या बुडाशी जाऊन बसला. मी खाली वाकलो तसा म्हातारा ओरडला, हात लावू नकोस! इथे गडगा हा कोर्सचाच भाग, उचलून पलीकडे ठेवायची सोय नाही, बाजूला मारा नाहीतर मागे. काका हट्टी, सरळच मारला. चेंडू दगडावर आपटून काकांच्या दोन पायांमधून मागे वीस फूट गेला. चौघेही हसले, काका सगळ्यात जास्त.

चौदावा, नाव परफेक्शन. इथे दुसरा फटका आंधळा, ग्रीन टेकाडाच्या पलीकडे समुद्राला लागून, दिसतच नाही. पुढचे लोक ग्रीन सोडताना घंटा वाजवतात, मग तुम्ही मारायचं. पुढचा ग्रुप रमतगमत चाललेला त्यामुळे आम्ही बराच वेळ तसेच उभे. पूर्वेला बास रॉक दिसत होता, पक्ष्यांनी पांढराफेक झालेला, गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी एक तिथे आहे. म्हातारा उत्तरेला पाण्यापलीकडे बोट करून म्हणाला, तो फाइफ, आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला सेंट अँड्र्यूज.

मग त्याने ती गोष्ट सांगितली. ४ सप्टेंबर १८७५. सेंट अँड्र्यूजचे टॉम मॉरिस बाप-लेक एका बाजूला, मसलबराचे विली आणि मंगो पार्क हे भाऊ दुसऱ्या बाजूला. तेव्हा इथे नऊ होल, चार फेऱ्या, ३६ होलची मॅच. धाकटा टॉमी म्हणजे त्या काळचा सचिनच समजा, विशीच्या आत तीनदा ओपन ही मोठी स्पर्धा जिंकलेला, नंतर १८७२ ला चौथ्यांदा. घरी बायको मार्गारेट बाळंतपणाला. मॅच संपत आली तेव्हा तार आली, बायको अत्यवस्थ, ताबडतोब या. सांगतात की तार बापाच्या हातात पडली आणि त्याने ती खिशात ठेवली, दोन होल राहिले होते. मॉरिस एका होलने जिंकले. मग पोराला सांगितलं. रेल्वेने लांबचा वळसा, म्हणून कोणीतरी आपली शिडाची बोट दिली, ही खाडी ओलांडून गेले. पोचेपर्यंत मार्गारेटही गेली आणि बाळही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी टॉमी गेला, वय २४.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत होतो. शेवटचं सांगून झालं तर काका क्लबच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभे. म्हणाले, "मला पण शिफ्ट सुटल्यावरच दिली होती."

मला आधी कळलंच नाही.

"तार रे. ७४ साल. अप्रेंटिस होतो. वडील सिरियस म्हणून गावाहून तार आली, सकाळी दहाला गेटवर. सुपरवायझरने साडेतीनला दिली, मशीन बंद पडायला नको म्हणून. एसटी मिळून कराडला पोचलो तर सगळं उरकलेलं."

तेवढ्यात घंटा वाजली. काकांनी हात पुढे केला, मी सात नंबरचं आयर्न दिलं, बरोबर दिलं की चूक देव जाणे. मारला. टेकाडावरून चेंडू गेला आणि आम्ही मागोमाग.

पंधरावा तो रेदान. हा होल गोल्फवाल्यांमध्ये इतका प्रसिद्ध की आमच्यातल्या एकाने टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, सेल्फी काढताना चपला काढायच्याच बाकी ठेवल्या होत्या. क्रिमियाच्या युद्धातल्या सेवस्तोपोलच्या बुरुजावरून नाव पडलंय. अंतर १९० यार्डाच्या आसपास, ग्रीन तिरकं, उतार तुमच्यापासून लांब जाणारा, उजवीकडून डावीकडे मागे, डाव्या तोंडाशी खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. अमेरिकेत मॅक्डॉनल्ड नावाच्या आर्किटेक्टने याची नक्कल केली आणि मग जगभर नकला झाल्या. युक्ती एवढीच की झेंड्याकडे मारायचंच नाही, उजवीकडे टाकायचा आणि उताराला काम करू द्यायचं, पाटाचं पाणी जसं वाफ्यात आपोआप वळतं तसं. मी काकांना तसंच सांगितलं (तोंड बंद ठेवायचं विसरून). चेंडू उजव्या कडेला पडला, थांबला असं वाटलं, मग वळला आणि निघालाच. पार. म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर एक थाप मारली, नेमकी बॅगेचा पट्टा रुतत होता तिथेच.

अठराव्याला उजवीकडे रस्ता आणि ओळीने गाड्या लावलेल्या. आमची व्हॅनही तिथेच, पार्किंगचे पैसे वाचतील म्हणून मीच ड्रायव्हरला सांगितलेलं. काकांचा चेंडू डांबरावर टप्पा घेऊन दोन गाड्यांच्या मधून गेला आणि मी तोपर्यंत मनातल्या मनात इन्शुरन्सचा फॉर्म भरायला सुरुवात केली होती. काच वाचली.

संध्याकाळी बाकीचे बारमध्ये बसले. काकांनी कॅडीला देतात तेवढे पौंड मोजून माझ्या हातात ठेवले, नको म्हटलं तरी. मग विचारलं, "ती बोट कुठून सुटली असेल रे?" धक्का दहा-पंधरा मिनिटांवर होता. गेलो. आठ वाजून गेले तरी लख्ख उजेड, ओहोटी लागलेली, चार होड्या चिखलात कलंडलेल्या, कडेला खेकडे पकडायचे पिंजरे रचून ठेवलेले आणि तोच ओला, कुजकट वास जो मला घरचा वाटतो आणि पुणेकरांना सहन होत नाही. काका नाकाला रुमाल न लावता दहा मिनिटं उभे राहिले.

"चल," म्हणाले, "गारठा वाढलाय. आणि उद्या पण बॅग तूच घे."

उद्या आठ कॅडी कन्फर्म होते. मी एकाचं कॅन्सल केलं.