तुम्ही विचारलंत म्हणून: बहीण ड्रॅगनच्या पोटात आणि हे जेवत काय बसलेत?

विचारणारे वेगवेगळे, प्रश्न तोच. ऑफिसात डब्याच्या वेळी, पुतणीच्या बारशात, एकदा तर सलूनमध्ये. 'डन्जन मेशी' या जपानी चित्रकथेचं पुस्तक हातात होतं आणि केस कापणाऱ्याने आरशातून पानं बघितली. "हे विनोदी आहे का भयंकर? आणि या वयात वाचावं असं त्यात आहे तरी काय?" इतकी वर्षं हसून सोडून देत आलो. आता एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला हेच पाठवता येईल.

मांगा म्हणजे अशी जपानी चित्रकथा; ती उजवीकडून का वाचायची, ते घरातल्या पोरांनी तुम्हाला सांगितलं असेलच. पुस्तक 'डन्जन मेशी', र्योको कुई या बाईंचं. लेखन त्यांचं, चित्रंही त्यांचीच. 2014 ते 2023 मासिकातून आलं आणि 14 खंडांत संपलं. संपलं हे मुद्दाम सांगतोय, कारण या जातीच्या गोष्टी सुरू व्हायला वेळ लागत नाही, थांबायचं मात्र नाव घेत नाहीत.

गोष्ट तुम्ही माझ्याकडून अर्धीमुर्धी ऐकली आहे. जमिनीखाली मजल्यांवर मजले उतरत गेलेला चक्रव्यूह. तिथे लाल ड्रॅगन फालिनला गिळतो, आणि गिळली जाता जाता ती मंत्र टाकून भाऊ लायोस आणि बाकीच्यांना बाहेर पाठवते. या दुनियेत मेलेलं माणूस जिवंत करता येतं, पण देह हाताशी लागतो. म्हणजे ड्रॅगनला ती पचायच्या आत पोचायला हवं. सामान आत राहिलेलं, शिध्याला पैसे नाहीत. मग वाटेत जे जे अंगावर येईल ते मारायचं, शिजवायचं, खायचं आणि पुढे उतरायचं. पहिल्याच प्रकरणात भल्यामोठ्या विंचवाचं आणि चालत्या अळंबीचं कालवण होतं. मार्सिल ही जादूगारीण नको नको म्हणून किंचाळते, म्हणजे तुमच्या-आमच्या वाटचं किंचाळून घेते. लायोस मात्र खूश. हे प्राणी कसे लागत असतील हा किडा त्याच्या डोक्यात कित्येक वर्षांचा. वर सेन्शी नावाचा बुटका दाढीवाला आचारी येऊन मिळतो, आणि पदार्थाखाली त्यात प्रथिनं किती, स्निग्ध पदार्थ किती याचा तक्ता छापलेला असतो.

इथपर्यंत आलं की विचारणारा म्हणतो, "बघ, विनोदीच आहे."

बरं, मग ॲनचं सांगतो. ॲन ही पाण्यात राहणारी राक्षसी घोडी. सेन्शीची तिच्याशी खूप वर्षांची ओळख, तो तिला लाडाने हाक मारतो. पण तिच्या पाठीवर तो कधी बसलेला नाही. तळं ओलांडायला मार्सिल पाण्यावरून चालता यावं म्हणून जादू करू बघते, तर याला जादूचा तिटकारा. ॲन आहे की, ती नेईल पलीकडे. बसतो. ती त्याला थेट तळाशी बुडवायला निघते. इतकी वर्षं ती फक्त वाट बघत होती. सेन्शी तिला मारतो, वर येतो, आणि मग? मांस भाजलं जातं, चरबीचा साबण होतो. त्याच साबणाने मार्सिल त्याची कळकट दाढी घासघासून धुते आणि दाढी कापसासारखी फुलते. तुम्ही फिस्सकन हसता, आणि हसताना लक्षात येतं की हा साबण म्हणजे ॲन. सेन्शी रडून गोंधळ घालत नाही, आणि काहीच झालं नाही असंही दाखवत नाही. आता यातलं विनोदी काढून भयंकर तेवढं उरवून दाखवा. मला जमलेलं नाही.

पूर्वी मी एक वाक्य ठोकून द्यायचो: "वरवर विनोदी आहे हो, आतून फार गंभीर." तेव्हाच्या मला मी आता विचारतो, "वरवर" का रे बाबा? विनोदाला हलक्या जातीचा ठरवून, त्याच्या आडून गंभीर माल विकायची ही कुठली रीत? कुईबाई तसं करत नाहीत. त्यांच्याकडे स्वयंपाक हाच गंभीर आहे आणि हास्यास्पदही तोच आहे.

आता शूरो. तो लायोसच्या जुन्या टोळीतला, फालिनवर मनापासून प्रेम करणारा. तोही आपली वेगळी माणसं घेऊन तिला शोधायला उतरलेला. मधल्या घटना फोडत नाही, पण पुढे शूरो आणि लायोस एकमेकांना भिडतात, अगदी हातघाईवर. शूरो जास्त तरबेज योद्धा. लढत सरळ त्याची. पण फालिनच्या काळजीने तो धड जेवलेला नाही, झोपलेला नाही. लायोस रोज वेळेवर जेवलाय, झोपलाय. शूरोच कोसळतो. आणि लायोसचं म्हणणं असं की जेवण-झोप मी पहिल्यापासून मनावर घेत आलो, कारण मला तिच्यापर्यंत पोचायचं होतं.

हे वाचलं आणि मला मिरजेच्या हॉस्पिटलातला जिना आठवला. "सारखं तेच पुस्तक का?" याचं खरं उत्तर तिथे आहे. लोकांना मी ते सांगत नाही, कारण ते ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्याची समजूत काढत बसावं लागतं.

अप्पा आयसीयूत होते, व्हेंटिलेटरवर. बाहेर पॅसेजमध्ये सांगलीपासून बेळगावपर्यंतची माणसं चटया टाकून बसलेली. कुणाचा स्टोव्ह नाही, कुणाची चूल नाही. येईल त्या डब्यावर सगळं. वहिनीने डबा पाठवला होता: शाळूच्या भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी, कागदात गुंडाळलेला खर्डा. पॅसेजमध्ये खायला बंदी, म्हणून दादा आणि मी जिन्याच्या वळणावर बसलो. भूक इतकी होती की लाज वाटावी. दादाने आमटीत भाकरी बुडवली, तोंडात घातली आणि थांबला. म्हणाला, "आत जाऊन सांगतो त्यांना, आमटीला मीठ नाही. उठून बसतील."

अप्पांनी आयुष्यभर ताटावर बसून पहिला घास घेतला की भिवई वर केली आहे. आईने तीन वेळा चाखलेल्या आमटीलाही. आम्ही जे हसायला लागलो ते थांबेनाच. दादाला ठसका लागला, खर्ड्याचे हात डोळ्याला लागले, पाणी वाहायला लागलं, तरी हसतोय. आणि वरच्या पायरीवर आत्या उभी.

"बाप आत शेवटच्या घटका मोजतोय, आणि तुम्ही दात काढताय व्हय?"

तिने भावासाठी उपवास धरला होता, नुसत्या चहावर होती. दादा उठून उभा राहिला, हात तसेच बरबटलेले. मी डब्याचं झाकण लावलं. का लावलं, कुणास ठाऊक. भाकरी तर राहिली होती. अप्पा गेले. दहाव्याला घाटावर, कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असताना आत्याने ते चारचौघांत पुन्हा काढलं: पोरं जिन्यात बसून खिदळत होती. कुणी काही बोललं नाही. चुलत्यांनी तेवढं माझ्याकडे बघितलं.

तुम्हाला वाटेल, आता हा म्हणणार की शूरोचं प्रकरण वाचून आत्याला उत्तर मिळालं. तसं मध्यंतरी मी स्वतःला सांगूनही बघितलं. पण आत्या काही कोसळली नाही. सगळे विधी होईपर्यंत ती उभी होती, माझेच पाय दुखत होते. आणि पुस्तकातही शूरो खोटा ठरत नाही. त्याची तगमग खरी आहे. उलट लायोसकडे बघून कधीकधी वाटतं, या माणसाला बहिणीची ओढ जास्त की प्राण्याच्या चवीची? मार्सिललाही ती शंका येते. मला विचाराल तर दोन्ही. आणि त्या जिन्यात मला अप्पांची काळजी जास्त होती की भाकरीची, हे आत्याने मला सरळ विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, माहीत नाही. तिने विचारलं नाही. तिने फक्त सांगितलं, आणि चारचौघांत सांगितलं, त्याचा राग अजून आहे.

पुस्तकाने मला बरं केलं असं म्हणू नका, तसलं काही झालेलं नाही. एवढंच की ताट आणि मरण एकाच चौकटीत काढताना हात न थरथरणारं कुणीतरी आहे, आणि त्या चौकटीतली माणसं कधी हसतात, कधी ओकतात, कधी दुसऱ्यांदा वाढून घेतात. ड्रॅगन मारल्यावर पोटात हाडं सापडतात तेव्हाही असंच. फालिनची कुठली, तिथल्याच लांडग्यांची कुठली, एकेक उचलून, निवडून सांगाडा मांडायचा. पानंच्या पानं हे काम चालतं. अस्थी गोळा करायला गेलेल्या माणसाला ते हात ओळखू येतील.

दोष आहेत. मधल्या खंडांत माणसं फार येतात, एल्फ (लांब कानांची जादूगार जमात) कुठले आणि कुणाचं राजकारण काय यात मी दोनदा हरवलो. सेन्शीच्या तरुणपणातली हकिगत, उपासमारीत एका वाटीभर रश्श्यात नक्की कुणाचं मांस होतं याची, ती जेवताना वाचू नका. पण ती गाळूही नका. सबंध मालिकेत त्याच्या तोडीचं दुसरं प्रकरण मला सापडलेलं नाही.

ॲनिमे, म्हणजे याचीच ॲनिमेशन मालिका, आहे, 2024 चं, नेटफ्लिक्सवर, चांगलं आहे. तरी आधी पुस्तक, कारण पदार्थाच्या चित्रावर थांबायचं किती ते तुमच्या हातात राहतं. आणि मत चौथ्या खंडानंतरच द्या, तिथे ड्रॅगन येतो. पहिला खंड माझ्याकडून न्या. दुसरा आत्ता मिळणार नाही. तो पुतण्याने नेलाय आणि विचारलं की म्हणतो, अजून वाचतोय.