हा 'का' कोणाचा?

जपानी शिकायला घेतली तेव्हा सगळ्यांनी भेव दाखवला, तीन तीन लिप्या आहेत, दोन हजाराच्या वर कांजी (म्हणजे चीनमधून आलेली चित्रासारखी अक्षरं) पाठ कराव्या लागतात वगैरे, पण मराठी माणसाला तिथं एक गोष्ट फुकटात मिळते ते कोणी सांगितलं नाही. ती म्हणजे 'का'. साधं वाक्य बोलायचं अन् शेवटी 'का' चिकटवायचं, झाला प्रश्न. 'इकिमासु' म्हणजे जातो, 'इकिमासु का' म्हणजे जाता का. 'चहा का कॉफी' सुद्धा तसंच, 'ओचा का कोही'.

आणि सगळ्यात भारी म्हणजे 'सो का'. ऑफिसात तुम्ही काहीही सांगा, मशीन बंद पडली, ट्रेन लेट होती, समोरचा मान हलवत, आवाज खाली नेत म्हणतो, 'सो देस् का...' आता हा प्रश्न नाहीच, उत्तर द्यायला गेलं तर तोच चकित होईल. आपण नाही का, कोणाची बोअर आटली, कोणाच्या पोरीचं जमलं, कापूस इतक्यानंच गेला, असं काही ऐकलं की म्हणतो, 'असं का...' सेम टू सेम! आवाज वर चढवला तरच तो प्रश्न, तिकडंही अन् इकडंही.

आपल्या वऱ्हाडात तर अजून सोपं. पुस्तकी मराठीत 'का येतोस' आणि 'येतोस का' यात 'का' ची जागा बदलली की अर्थ बदलतो, आपण ती भानगडच ठेवली नाही, कारण विचारायचं तर सरळ 'काहून'.

तर झालं असं की दिवाळीत गावी, दारव्ह्याकडे आलो होतो आणि ऑफिसचा फोन आला. मी अंगणात बोलतोय, आई कापसातला काडीकचरा काढत बसलेली, काका बाजेवर. फोन ठेवल्यावर आई म्हणे, "काय बोलून राह्यला रे बाप्पा, नुसतं का-का-का आयकू येते." काकाला तेवढंच पाहिजे होतं. "म्हनून त सांगतो, जपानी आपल्याच संस्कृतातून निघाली हाये." व्हॉट्सअॅपवर तसा मेसेज आला होता म्हणे.

नाही हो. जपानी 'का' आपला कोणीच लागत नाही, नुसता चेहरा सारखा. त्याच आवाजाचे त्यांच्याकडं स्वतःचेच किती आहेत: 'का' म्हणजे मच्छर, 'का' म्हणजे ऑफिसातला विभाग (म्हणून आमचा विभागप्रमुख 'काचो'), मंगळवार म्हणजे 'कायोबी', त्यात 'का' म्हणजे आग. मच्छर अस्सल जपानी, बाकीचे दोन चीनमधून आलेले, आणि हे दोन आधी 'क्वा' असे उच्चारले जायचे, नंतर झिजून 'का' झाले. निशिनोमिया शहरात 1889 ची एक युनिव्हर्सिटी आहे, ती रोमन लिपीत अजूनही 'क्वान्सेइ' असंच नाव लिहिते, त्याच अक्षरांना, म्हणजे त्या भागाच्या नावाला, बाकी जपान 'कान्साइ' म्हणतो.

मग आपल्या 'का' चे खरे नातेवाईक कोण? काय, कोण, कुठं, संस्कृतातला 'किम्' हे तर घरचेच, पण लॅटिनचा 'क्विड' आणि इंग्रजीचे 'हू', 'व्हॉट' सुद्धा त्याच खानदानातले, मुळातला आवाज 'क्व' सारखा होता, इंग्रजीत त्याचा 'ह्व' झाला. चेहऱ्यावरून ओळखू येणार नाहीत पण भाऊबंद आहेत. उलट हिंदीचा 'का', 'रामू का बैल' मधला, तो आपल्या 'का' चा सख्खा वाटतो, 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशातच होतो त्यामुळं कानाला रोजचा, पण तो साधारणपणे 'कृत' वरून आला असं मानतात, म्हणजे त्याचं घराणंच वेगळं. आणि आपला प्रश्नवाला 'क' इतका मोठा झाला की ऋग्वेदात दहाव्या मंडलात 'कस्मै देवाय हविषा विधेम' असं विचारलंय, कोणत्या देवाला आहुती द्यायची, आणि पुढच्या लोकांनी 'क' हे प्रजापतीचं नावच करून टाकलं!

काकाचा चेहरा पडला, म्हणून मग जे खरं आहे ते सांगितलं. जपानी मुलं अक्षरं पाठ करतात ती आ इ उ ए ओ, का कि कु के को अशी. पुढं सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बघा, कंठापासून ओठापर्यंत, मग य र व, हे आपल्या वर्णमालेचं वळण आहे ('हा' च्या जागी जुन्या काळी 'पा' होता, म्हणजे अजूनच जुळतं). बौद्ध भिक्षूंबरोबर तिथं सिद्धम् लिपी (संस्कृत लिहायची आपली एक जुनी लिपी) गेली, तिचा अभ्यास झाला, त्यातून हे आलं. शिंगोन या तिथल्या बौद्ध पंथाच्या देवळांत ती अक्षरं अजून दिसतात.

काका उठला, टोपी घातली. संध्याकाळी पान ठेल्यावर गेलो तर पोट्टे मलाच सांगून राहिले, "भाऊ, जपानात आपली बाराखडी शिकवतात म्हनते, हाव का?"