वुडवर्डला जायचंय? मग शुक्रवार हाती ठेवा

वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे अमेरिकेत मिशिगन राज्यात भरणारा जुन्या गाड्यांचा रस्त्यावरचा मेळा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळे शनिवारीच येतात. डेट्रॉईटच्या उत्तर वेशीवरच्या फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत साधारण १६ मैल, म्हणजे २६ किलोमीटर, वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ये-जा चालते. ना तिकीट, ना नावनोंदणी. दहा लाख माणसं आणि चाळीस हजार गाड्या येतात असं सांगतात. मोजली कोणी, हे विचारू नका. पण शनिवारी भर दुपारी थर्टीन माइल रोडच्या चौकात उभं राहिलात तर वाद घालावासा वाटणार नाही. माझं म्हणणं असं की गाड्या खरोखर बघायच्या असतील तर गुरुवारी संध्याकाळी पोचा, अख्खा शुक्रवार हाती ठेवा आणि मुक्काम हॉटेलात न करता तंबूत करा. शनिवार आहेच, माणसं बघायला.

यंदा बरोबर मामा होते. कोल्हापूरला उद्यमनगरात त्यांचं गॅरेज, आता मुलगा सांभाळतो. लेकीकडे ट्रॉय या डेट्रॉईटजवळच्या गावी उन्हाळ्यासाठी आलेले आणि रोज सकाळी त्याच त्या घरांभोवती चकरा मारून पुरते वैतागलेले. "जुन्या गाड्या बघायला येताय का?" म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "उभ्या का चालत्या?" चालत्या म्हटल्यावर लगेच बॅग भरली. मला गाड्यांतलं बेताचंच कळतं. माझं काम गाडी चालवायचं, चहा करायचं आणि दुभाष्याचं.

मुक्कामाला पॉन्टियाक लेक रिक्रिएशन एरिया ही सरकारी जागा. एम-५९ रस्त्याने पूर्वेला निघालं की तोच रस्ता पॉन्टियाक गावात ह्युरॉन स्ट्रीट होतो आणि वुडवर्डला भिडतो. म्हणजे क्रूझच्या उत्तर टोकाला तुम्ही गर्दीच्या उलट्या बाजूने उतरता. मिशिगनच्या स्टेट पार्कांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं, म्हणजे फेब्रुवारीत, दारात बर्फ साचलेला असताना, ऑगस्टच्या तंबूची जागा धरावी लागते. ती नाही मिळाली तर आय-७५ महामार्गावर उत्तरेला होली रिक्रिएशन एरिया आहे. जरा लांब, पण झाडी चांगली. स्टेट पार्कात शिरायला गाडीवर रिक्रिएशन पासपोर्ट, म्हणजे प्रवेशाचा परवाना, लागतो. मिशिगनची नंबरप्लेट असेल तर तो प्लेटच्या नूतनीकरणाबरोबरच जादा पैसे भरून घेता येतो. बाहेरच्या राज्यातून येणाऱ्यांनी वेगळा घ्यायचा. आणि निघायच्या आठवड्यात पार्कांची दुरुस्ती-बंदची यादी एकदा नजरेखालून घाला. अधूनमधून एखादं कॅम्पग्राउंड किंवा न्हाणीघर कामासाठी बंद असतं.

घरून लाकडं नेऊ नका. ॲश झाडांना पोखरणारा हिरवा किडा २००२ मध्ये याच डेट्रॉईट भागात सापडला आणि पुढे लाकडांच्या मोळ्यांबरोबर राज्योराज्यी गेला. लाकडं तिथेच मिळतात. रात्री खाण्याचा डबा गाडीत बंद करून झोपा. रॅकून हा प्राणी दिसायला गोंडस आणि वागायला अट्टल चोर आहे. ऑगस्टात दुपारी उकाडा, संध्याकाळी डास, आणि गडगडाटी पाऊस कधी येईल त्याचा नेम नाही, तेव्हा तंबूवर एक जादा ताडपत्री बांधाच. रात्री दहा ते सकाळी आठ शांततेचा नियम आहे आणि तो पाळतात. ज्यांच्या गाड्यांचा आवाज अर्ध्या मैलावर ऐकू येतो ती माणसं दहाच्या ठोक्याला कुजबुजत बोलतात, हे बघण्यासारखं असतं.

तंबूचा आग्रह धरतो तो पैसे वाचतात म्हणून नाही. लांबून येणारे काही जण कॅम्परमागे ट्रेलर लावून त्यावर हॉट रॉड आणतात. रस्त्यावर ती गाडी तुमच्यासमोरून काही सेकंदांत निघून जाते. इथे ती संध्याकाळभर बॉनेट उघडून उभी असते, मालक खुर्ची टाकून शेजारी बसलेला, आणि कोणीतरी विचारावं याचीच वाट बघत असतो. आमच्या समोरच्या जागेवर ओहायोहून आलेलं एक जोडपं होतं आणि त्यांची १९३२ ची फोर्ड कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी.

ज्यांना हॉट रॉड प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. जुनी, हलकी, स्वस्तातली गाडी घ्यायची. मडगार्ड, बंपर, जे जे वजन वाढवतं ते काढायचं. छप्पर मधून कापून बुटकं करायचं. चासी खाली बसवायची. आणि आत जमेल तेवढं दणकट इंजिन घालायचं. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर पोरं हे उद्योग दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून करत होती, आणि युद्धावरून परतलेल्या पोरांनी त्याचं वेडच केलं. १९३२ ची फोर्ड त्यांची लाडकी, कारण त्या वर्षी हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं: २२१ घन इंच, ६५ हॉर्सपॉवर. आज हा आकडा हसण्यासारखा वाटतो. तेव्हा तसा नव्हता. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्येच, हेड सपाट, म्हणून नाव फ्लॅटहेड.

मामा त्या कूपेभोवती एक फेरी मारून आले, खाली वाकून बघितलं आणि मला म्हणाले, "विचार त्याला, तापतंय का न्हाई?" मी विचारलं. गृहस्थ इतके खूश झाले की कॅम्परमधून आणखी एक खुर्ची आली. तर या इंजिनाची गोम अशी की जळालेला वायू बाहेर काढायची वाट ब्लॉकमधूनच जाते, थेट बाहेर नाही. साहजिकच सगळी उष्णता आधी पाण्याला मिळते. दोन्ही बाजूंना एकेक असे दोन पाण्याचे पंप देऊनही मुंगीच्या वेगाने चालणाऱ्या गर्दीत फ्लॅटहेड हमखास तापतं. वर तीन कार्बोरेटर बसवलेले, तिन्हींचा मेळ घालणं हे वेगळंच दुखणं. मामांनी इंजिन चालू करायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि मधल्या कार्बोरेटरकडे बोट केलं. मालक आणि मामा मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन जे वाकले ते अंधार पडेपर्यंत. बाई मला हसून म्हणाल्या, तीस वर्षांत याने मला त्या स्क्रूला हात लावू दिलेला नाही.

मामांचा पुढचा प्रश्न अगदी आपल्याकडचा: "पासिंग कसं करतात ह्याचं?" खरोखर, आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मिशिगनमध्ये गाड्यांची ठरावीक मुदतीने होणारी तपासणीच नाही. शिवाय २६ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला 'हिस्टॉरिक' प्लेट मिळते. अशी गाडी एरवी फक्त मेळावे, मिरवणुका वगैरेंसाठी बाहेर काढायची, पण कायद्यातच ऑगस्ट महिन्याची सवलत आहे. त्या महिन्यात ती खुशाल रस्त्यावर फिरवावी. क्रूझ ऑगस्टात येते, आणि आठवडाभर आधीपासूनच रस्त्यावर जुन्या गाड्या दिसू लागतात. मामांना ती प्लेट फार आवडली. कोल्हापूरच्या आरटीओबद्दल त्यांनी जे मत मांडलं ते इथे लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी पॉन्टियाककडून दक्षिणेला उतरलो. रस्ता कळला की मजा वाढते, म्हणून जरा सांगतो. वुडवर्डचे चौक मैलांनी ओळखतात: एट माइल ही डेट्रॉईटची हद्द, नाइन माइलला फर्नडेल, ट्वेल्व्हला बर्कली, थर्टीनला रॉयल ओक, त्याच्या वर बर्मिंगहॅम. एट माइलच्या खाली, सिक्स आणि सेव्हन माइलच्या मध्ये, १९०९ साली अमेरिकेतला काँक्रीटच्या महामार्गाचा पहिला मैल घातला तो याच रस्त्यावर. त्याहून खाली हायलंड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये फोर्डने सरकती जुळणी सुरू केली, तो कारखानाही वुडवर्डवरच. ५०-६० च्या दशकांत उत्तरेच्या बाजूला गाडीत बसून खायची ड्राइव्ह-इन हॉटेलं झाली आणि पोरं रात्री एका हॉटेलापासून दुसऱ्यापर्यंत चकरा मारू लागली. सिग्नलला दोन गाड्या शेजारी आल्या की शर्यत. गंमत म्हणजे कार कंपन्यांचे इंजिनियरही न विकलेली इंजिनं घेऊन रात्री इथेच यायचे. पॉन्टियाक कंपनीने १९६४ मध्ये मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचाचं इंजिन घालून जीटीओ काढली, आणि रॉयल ओकमधली रॉयल पॉन्टियाक ही एजन्सी त्या गाड्या आणखी तिखट करून द्यायची. जिमी ॲडिसन या पेट्रोल पंपवाल्याची 'सिल्व्हर बुलेट' नावाची १९६७ ची प्लिमथ तर इथली दंतकथाच आहे.

आजची क्रूझ मात्र १९९५ ची. फर्नडेलच्या नेल्सन हाउस या प्लंबरला मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायचे होते, आणि जुन्या चकरांची आठवण काढत त्याने हा घाट घातला. पहिल्याच वर्षी अडीच लाख लोक आले.

आता बसायचं कुठे? वुडवर्डला मध्ये रुंद दुभाजक आहे आणि डावीकडे थेट वळता येत नाही. पुढे जाऊन दुभाजकातल्या खाचेतून यू-टर्न घ्यायचा, ज्याला इथे 'मिशिगन लेफ्ट' म्हणतात. खुर्ची अशा खाचेच्या समोर टाका. तिथे वेग मोडतो, गिअर पडतो, गाडी चारी बाजूंनी दिसते, आणि वळून सरळ होताना जो तो पाय जरा जास्तच दाबतो. फोटो काढणाऱ्यांनी सकाळी रस्त्याच्या पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला बसावं म्हणजे ऊन पाठीशी राहतं. आम्ही सकाळी थर्टीन माइलजवळच्या मेमोरियल पार्कापाशी होतो. शुक्रवारी गाड्यांमध्ये अंतर असतं, त्यामुळे एकेका इंजिनाचा आवाज वेगळा ऐकू येतो. मामांचा खेळ सुरू झाला: गाडी दिसायच्या आत सिलिंडर सांगायचे. एक निळा ट्रक पुढे गेल्यावर म्हणाले, "ह्याचं टायमिंग पुढं हाय." खरंखोटं मला काय कळणार, पण शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला मी भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, मलाही तसंच वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी बर्कलीला ट्वेल्व्ह माइलवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, ती चुकवू नका. गाव छोटं, गाड्या सावकाश जातात, पोरं फुटपाथवर पुढे बसतात, आणि एकूण वातावरण जत्रेचं असतं. लहान मुलं असतील तर कानाला लावायचे मफ न्या. काही गाड्यांना सायलेन्सर नावालाच असतो. गाडीला हात लावायचा नाही, पाठीवरची सॅक पत्र्याला घासू द्यायची नाही. दारापाशी वाकून बघताना पट्ट्याचं बक्कलही सांभाळा. मालकाशी बोलायचं तर "केवढ्याला घेतली?" हा प्रश्न टाळा. "यातलं काय काय स्वतः केलं?" असं विचारा आणि खुर्ची शोधा.

शनिवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नऊच्या आत पोचा. गल्ल्यांमध्ये 'नो पार्किंग'चे फलक लागतात आणि गाड्या उचलतात. दुकानदार आपापली आवारं पैसे घेऊन देतात, रोख जवळ ठेवा. फर्नडेलला नाइन माइलवर फोर्डच्या मस्टँग गाड्यांची रांग लागते, ती हवी असेल तर आधी तेवढीच उरका, कारण मधून एका टोकाहून दुसऱ्याला जाण्यात दुपार जाते. अकरानंतर नव्या भाड्याच्या गाड्यांची भर इतकी पडते की मध्ये अडकलेल्या जुन्या गाड्या बॉनेट उघडून कडेला लागतात. आमच्या ओहायोवाल्यांची कूपे दिसली नाही. ते शनिवारी रस्त्यावर येतच नाहीत, पहाटे सहाला एक फेरी मारून तळ्यावर परततात, हे संध्याकाळी कळलं. पुढच्या वेळी मीही तेच करीन. शिकागोहून गाडी न घेता येणाऱ्यांसाठी ॲमट्रॅकची वुल्व्हरिन ही रेल्वेगाडी रॉयल ओक, ट्रॉय आणि पॉन्टियाकला थांबते. रॉयल ओक स्टेशनावरून वुडवर्ड चालत गाठता येतं.

खाण्याचं: बर्मिंगहॅमला हंटर हाउस हे १९५२ पासूनचं छोटं हॅम्बर्गरचं दुकान आहे, खाणाऱ्यांनी जावं. शाकाहाऱ्यांनी घरून न्यावं हे बरं. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा होता, आणि मामींनी पाठवलेला तांबडा-पांढऱ्याचा मसाला मामांनी कॅम्पच्या शेगडीवर कोंबडीत सत्कारणी लावला. ओहायोच्या बाईंनी पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला, तांबड्याच्या वाटेला गेल्या नाहीत.

रविवारी सकाळी तंबू आवरून घरी पळू नका. डेट्रॉईटमध्ये फोर्डचा १९०४ चा पिकेट अव्हेन्यूचा कारखाना आहे, विटांचा आणि लाकडी तुळयांचा, आता संग्रहालय. १९०८ ची मॉडेल टी इथेच जन्मली. वेळा आधी बघून जा. सकाळी लवकर गेलं तर माणसं कमी असतात आणि तिथले स्वयंसेवक हाताशी असतात. बरेचसे कार कंपन्यांतून निवृत्त झालेले वाटले, आणि मामांसारख्या माणसाला पोटमाळ्यापर्यंत हिंडवायला ते एका पायावर तयार. आम्ही तासाभरासाठी म्हणून शिरलो होतो. ट्रॉयला पोचेपर्यंत जेवण गार झालं होतं.