हिरवा रंग सोडून

लष्करातून निवृत्त झालेली जुनी गाडी घेऊन तिला मूळ रूपात आणण्याचा छंद ज्यांना जडतो, त्यांना आपल्याकडे एक गोष्ट बहुधा रंगाचा डबा आणायची वेळ आल्यावरच कळते. तोवर चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सरळ झालेली असते, इंजिनाने पहिला धूर सोडलेला असतो, पत्र्याचे काम उरकलेले असते. आणि मग कुणीतरी जाणता माणूस सांगतो, की केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज दुसऱ्या कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा रंग देता येत नाही. नियमाचे कारण उघड आहे. तसा रंग कुणीही फासू लागला, तर खरी लष्करी गाडी कोणती आणि बनावट कोणती हे नाक्यावरच्या शिपायाने ओळखायचे कसे? तरीही गाडीचे बाकी सारे मूळचे परत आणायचे आणि ज्या रंगात ती कारखान्याबाहेर पडली तेवढा वर्ज्य मानायचा, यातली गंमत काही कमी होत नाही.

माझी जीप रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या बागायतदाराच्या खळ्यात, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि एक मोडका फवारणी पंप यांच्या आड उभी होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून या जातीच्या सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या, त्यांतली ही एक. चार सिलिंडर, २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ती आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असल्यामुळे पंपावर गेल्यावर आधी आपण उठायचे, गादी उचलायची आणि मग पेट्रोल घ्यायचे, असा शिरस्ता आहे. मला या गाडीत सर्वांत आवडते ते तिच्या पुढच्या दिव्यांचे बिजागर. तिथला चाप सैल केला की दिवा उलटा फिरतो आणि त्याचा उजेड रस्त्यावर न पडता थेट इंजिनावर पडतो. रात्री बिघाड झाला तर दुसरा कंदील शोधावा लागू नये, एवढा विचार त्या घाईच्या काळातही कुणीतरी करून ठेवला होता.

विलीज कोणती आणि फोर्ड कोणती, हे ओळखण्याचे एक शास्त्रच आहे. रेडिएटरखालची चेसिसची आडवी पट्टी विलीजमध्ये गोल नळीची असते आणि फोर्डमध्ये उलट्या नालीच्या आकाराची. शिवाय फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. छंदिष्टांपैकी जे कडवे आहेत, ते हातात भिंग आणि रॉकेलात भिजवलेली चिंधी घेऊन एकेका बोल्टाचे डोके पुसत बसतात आणि ‘एफ’ सापडला की त्यांचा चेहरा उजळतो. माझ्या गाडीची चेसिस फोर्डची निघाली आणि इंजिनावरचा क्रमांक मात्र ‘एमबी’ या अक्षरांनी सुरू होणारा, म्हणजे विलीजचा. एका परिचितांनी अत्यंत गंभीरपणे, घरात कुणाचे दुखणे विचारावे तशा आवाजात, आता काय करणार म्हणून विचारले. मला त्यात करण्यासारखे काही दिसले नाही. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकांना बसले पाहिजेत ही मुळात लष्कराचीच अट होती, आणि लष्करी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेल्या गाड्यांमध्ये या कंपनीचे इंजिन त्या कंपनीच्या चेसिसवर चढवले जातच असे. जी शुद्धता लष्कराने कधी मागितली नाही, तिच्यासाठी आपण झोप का उडवून घ्यावी, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

खानदेशात हा छंद करण्याचे काही फायदे आहेत आणि त्यांतला पहिला म्हणजे इथली कोरडी हवा. कोकणातल्या गाडीचा पत्रा खालून चाळणी होतो. इथे पत्रा टिकतो, पण रबर टिकत नाही. पाइप, ऑइल सील, ब्रेकच्या सिलिंडरमधले कप, सगळे उन्हाने कडक होऊन बोटाने दाबले तरी तडकते. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्या वेळी जुन्या पेट्रोल गाडीची आणखी एक तऱ्हा पाहायला मिळते. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या पंपाला ती ओढता येत नाही आणि गाडी चढावर नव्हे, तर सिग्नलला उभी असताना मान टाकते. यावर गॅरेजमधला जुना आणि अजूनही सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे गाडीतल्या या पंपाभोवती ओले फडके गुंडाळणे. नंतर हँडल मारून गाडी चालू करायची झाली, तर अंगठा हँडलभोवती न वळवता बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हँडल हातातून सुटून जाते आणि अंगठा शाबूत राहतो.

दुसरा फायदा माणसांचा. भुसावळ आणि वरणगाव इथे आयुध निर्माणी आहेत, भुसावळला रेल्वेचा मोठा पसारा आहे, आणि या दोहोंतून निवृत्त झालेले फिटर-टर्नर जिल्हाभर आपापल्या गावी पांगलेले आहेत. कागदावर आकृती काढून दिली, की इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून बुश किंवा पिन बनवून देणारे हे लोक आहेत आणि मजुरी ठरवताना मात्र संकोचतात. आमचे नाना त्यांपैकीच, मूळचे अमळनेरचे. मी जो बोल्ट भंगारात टाकायला निघतो, तो ते माझ्या हातातून काढून घेतात, डोळ्यांसमोर धरून आट्यांवरून नख फिरवतात आणि म्हणतात, “भाऊ, हाऊ बोल्ट फेकू नका. याले काहीच व्हयेल नही.” दहांपैकी आठ वेळा त्याला खरोखरच काही झालेले नसते.

ज्यांना जीपपेक्षा जोंगा आवडते, त्यांचे तर भुसावळ स्थानक हे निम्मे गॅरेजच आहे. निसानच्या परवान्यावर जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत बनलेली ही सहा सिलिंडरची धिप्पाड गाडी पेट्रोल अशा रीतीने पिते, की शेतकऱ्याने ती लिलावात घेतली की पहिले काम डिझेल इंजिन बसवण्याचे करावे. मूळ इंजिनाचे भाग हवे असतील, तर इटारसीमार्गे थेट जबलपूर गाठता येते, आणि परतीच्या प्रवासात बाकाखाली पोत्यात गुंडाळलेला कार्ब्युरेटर ठेवून निश्चिंत झोपलेले लोक मी पाहिले आहेत. लष्कराच्या शक्तिमान ट्रकचेही चाहते आहेत. पण तो उभा करायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात माणूस घर बांधतो.

मूळ रंगाकडे परत यायचे, तर मडगार्डवर ओला पॉलिश पेपर गोल गोल घासत गेले की रंगांचे थर एकामागून एक उघडे पडतात. माझ्या गाडीवर सर्वांत वर पांढरा होता, त्याखाली पिवळा, त्याखाली निळा, मग हिरवा आणि शेवटी तांबडा प्रायमर. पांढरा निवडणुकीच्या प्रचारातला आणि पिवळा वडापच्या दिवसांतला, हे बागायतदारांच्या घरात सर्वांना आठवत होते. निळ्याचा उलगडा घरातल्या आजींनी केला. लिलावातून गाडी आणली, तेव्हा वाड्याच्या खिडक्यांना लावून उरलेला ऑइलपेंट थोरल्या आबांनी ब्रशने तिला फासला होता; खिडक्या अजून तशाच निळ्या आहेत.

अहिल्यानगरला १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय मी आवडीने पाहतो. १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेले पॅटन रणगाडे तिथे उभे आहेत आणि त्यांच्या रंगाविषयी कुणाला शंका येत नाही, कारण त्यांचे काम लढाईनंतर संपले. माझ्या जीपचे तसे नाही. लष्करात तिने फार तर दहा-पंधरा वर्षे काढली असतील. उरलेली सारी हयात रावेर ते सावदा या पट्ट्यात, केळीचे घड, वऱ्हाडी, आजारी माणसे आणि कर्णे वाहण्यात गेली. ती वर्षे खरवडून टाकून तिला कुठल्याशा रणांगणावर परत उभी करणे हा मला एक प्रकारचा खोटेपणा वाटतो, आणि कायद्याने हिरवा रंग नाकारून माझे काम सोपेच केले. आमच्यापैकी काही जण वाळूचा किंवा राखाडी रंग देऊन तो वाळवंटातला किंवा आरमारी आहे असे सांगतात. मी वाड्याच्या खिडकीचे एक मोडके दार पेंटरला नमुना म्हणून दिले आणि त्याच निळ्यात गाडी रंगवून घेतली.

गाडीच्या मागे लष्करी हुक नाही. त्याच्या जागी गावच्या लोहाराने केळीची ट्रॉली ओढण्यासाठी जाड सळईचा हुक ठोकून बसवला आहे. पुण्याच्या एका मित्राने तो कापून मूळ नमुन्याचा हुक मागवण्याचा सल्ला दिला. मी नानांना विचारले. त्यांनी हुकावर हातोडीने दोनदा टिचकी मारून आवाज ऐकला आणि तो तसाच राहिला.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आहे. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते, मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मी अजून तिकडे वळलेलो नाही, कारण आमच्याकडे सध्या वेगळाच वाद पेटला आहे. गाडीचे मूळ वायरिंग सहा व्होल्टचे आहे. बॅटरी आणि बल्ब सहज मिळावेत म्हणून बारा व्होल्ट करून टाकावे, असे मला वाटते. नानांना ते मुळीच मान्य नाही, आणि हा निर्णय लागेपर्यंत त्यांनी वायरिंगचे सगळे सामान आपल्या घरी नेऊन ठेवले आहे.